वडिलांना थायलंडला नेताना

चि. मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वडिलांना बरोबर घेऊन, पाठीवर एकेक सॅक टाकून पंधरा दिवस थायलंड फिरून यावे, असा तुझा बेत आहे. एस.टी.त तेहेतीस वर्षे कंडक्टरकी करून निवृत्त झालेला, गळ्यात माळ असलेला माणूस अशा प्रवासाला ‘हो’ म्हणेल का, आणि म्हणालाच तर त्याला तो झेपेल का, असे तू विचारतोस. तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी मला असेच घेऊन गेली होती हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू मला लिहिलेस. त्या वेळी मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. त्यामुळे हे पत्र नेणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले नाही. जो नेला गेला, त्याच्या बाजूने लिहिलेले आहे, एवढे ध्यानात ठेवून वाच.

झेपण्याची काळजी तू फार करू नकोस. नोकरीत असताना आषाढीला जादा गाड्यांच्या ड्युट्या लागत, म्हणून वडील वर्षानुवर्षे दुसऱ्यांना पंढरपूरला पोचवत राहिले आणि निवृत्तीनंतर त्यांनी दोनदा पायी वारी केली, असे तूच मागे सांगितले होतेस. पडशी पाठीला लावून, मिळेल तिथे पथारी टाकून, पहाटेच्या अंधारात थंड पाण्याने आंघोळ उरकून अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माणसाला आपण बॅकपॅकर म्हणत नाही, इतकेच. बँकॉकचे गेस्टहाउस त्यांना चैनीचे वाटेल.

मला त्रास झाला तो निराळ्याच गोष्टीचा. माझ्या मुलीने सगळे चोख ठरवले होते: खोल्या, गाड्या, कुठे काय खायचे, कोणत्या घाटावरून कोणत्या झेंड्याची बोट पकडायची. हे सगळे तिच्या फोनमध्ये होते आणि मी तिच्या मागून चालत होतो. ‘बाबा, इकडे या’, ‘बाबा, इथे बसा’, ‘बाबा, मी आलेच’ ही तीन वाक्ये मी दोन दिवस ऐकली. तिसऱ्या दिवशी चाओ फ्राया नदीच्या एका धक्क्यावर मी पाण्याच्या बाटलीच्या किमतीवरून तिच्याशी भांडलो. बाटली तिथल्या चलनात अवघ्या दहा बाटची होती, म्हणजे भांडण बाटलीचे नव्हतेच. चाळीस वर्षे घर चालवलेल्या माणसाला अचानक काहीही ठरवायचे उरले नव्हते. तो दोन सॅकांबरोबरचा तिसरा नग झाला होता. त्या रात्री मुलीने काही न बोलता पैशांचे पाकीट आणि एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली. ‘उद्यापासून पैसे तुमच्याकडे. मी मागेन तेव्हा द्यायचे आणि हिशेब लिहायचा,’ असे ती म्हणाली. पुढचे बारा दिवस आम्ही एकदाही भांडलो नाही, असे म्हणणार नाही; पण जी भांडणे झाली ती दोन प्रवाशांची झाली.

तुझ्या वडिलांच्या बाबतीत तर हे पहिल्या दिवसापासूनच कर. जन्मभर चामड्याची बॅग खांद्याला लावून शेवटच्या पैशापर्यंत भरणा जुळवलेला माणूस बरोबर असताना पैसे तू सांभाळणार, हे हास्यास्पद आहे. परदेशी कार्डाने तिथल्या यंत्रातून पैसे काढले की दर वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क कापले जाते, तेव्हा थोड्या वेळा आणि मोठ्या रकमा काढ, आणि त्यांतला रोजचा खर्च त्यांच्या हाती दे. तिकिटेही त्यांनाच काढू दे. भाषा येत नाही म्हणून ते अडणार नाहीत. ज्याने बाजारच्या दिवशी भरलेल्या गाडीत साठ माणसांना तिकिटे फाडली आहेत, त्याला बोटांनी आकडे दाखवायला शिकवावे लागत नाही.

बँकॉकमध्ये त्यांना मेट्रोने फिरव, पण एकदा तरी बिनवातानुकूलित लाल बसमध्ये बसव. त्या बसमधल्या कंडक्टरच्या हातात, बहुधा ती बाईच असते, पत्र्याची एक लांबट नळी असते. तीत तिकिटांची गुंडाळी आणि सुटे पैसे असतात, आणि नळीचे झाकण खटखट वाजवत ती गर्दीतून पुढे सरकते. एस.टी.तल्या तिकीट-पंचाची टिकटिक ज्याच्या कानात बसली आहे त्याला मी काय सांगावे? मी शिक्षक होतो, तरी तो आवाज ऐकून मला माझ्या गावची मुक्कामी गाडी आठवली. त्या वेळी तू फोन खिशात ठेव आणि वडिलांकडे बघ.

आता मार्गाविषयी. बेटांचा मोह या खेपेला सोड. तू पाठवलेल्या यादीत पंधरा दिवसांत सात ठिकाणे आहेत. ती चारावर आण. बँकॉक, अयुथ्या, चिआंग माई आणि कांचनाबुरी पुरेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवड. मार्चपासून उकाडा वाढतो आणि एप्रिलमध्ये तो आपल्या विदर्भाची आठवण करून देतो. सोंगक्रान, म्हणजे त्यांचे नववर्ष, १३ एप्रिलला सुरू होते आणि तो शब्द आपल्या ‘संक्रांती’चाच आहे, हे खरे, पण रस्तोरस्ती चालणाऱ्या त्या पाणफेकीत साठीच्या माणसाला नेण्याचे कारण नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास गेलास तर मात्र लॉय क्राथोंग हा सण सापडेल. केळीच्या खांबाच्या चकतीवर पाने-फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून लोक नदीत सोडतात. त्रिपुरी पौर्णिमेला पाण्यात दिवे सोडलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारात, पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती जी ओवरी आहे, तिच्या भिंतींवर संपूर्ण रामकथा १७८ चित्रांत रंगवलेली आहे. तिथे अर्धा दिवस ठेव. त्यांच्या रामकथेत रावणाचे नाव तोत्सकान, म्हणजे दशकंठ. आणि त्यांचा मारुती ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना आड येणाऱ्या सुवर्णमत्स्येवर, जी रावणाचीच मुलगी, तो भाळतो आणि त्यांना मुलगाही होतो. हे ऐकून वडील क्षणभर गप्प होतील. होऊ दे. माझी मुलगी लगेच तुलनात्मक व्याख्यान द्यायला लागली होती, तसे तू करू नकोस. तासाभराने तेच विचारतील. वाड्याबाहेर कोणी अदबीने ‘आज वाडा बंद आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो’ असे म्हणाला, तर नमस्कार करून पुढे चालू लाग. त्याची रिक्षा रत्नांच्या दुकानाकडे जाते.

अयुथ्येला साध्या पॅसेंजर गाडीने जा. उघड्या खिडक्या, शेतांवरून येणारे वारे, टोपल्यांतून खाऊ विकणाऱ्या बायका हा प्रवास सत्तरेक किलोमीटरचा आहे आणि भाडे अगदी किरकोळ आहे. नाव अयोध्येवरून घेतलेली ती राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने जाळली, आणि आज तिथे शिरे नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा आहेत. वाट महाथात नावाच्या देवळात झाडाच्या मुळांत अडकलेले बुद्धाचे मस्तक आहे. त्याच्यासमोर फोटो काढायचा तर खाली बसावे लागते, कारण आपले डोके त्याच्याहून वर असू नये असा तिथला दंडक आहे. तिथूनच चिआंग माईची रात्रीची गाडी पकड. संध्याकाळी गाडीतला सेवक समोरासमोरच्या आसनांचे पलंग करून, पांढऱ्या चादरी अंथरून, पडदे लावून देतो. खालचा पलंग रुंद असतो आणि त्याला खिडकी असते. त्याचे भाडे थोडे जास्त पडते. तो वडिलांसाठी आधीच राखून ठेव.

खाण्याविषयी तू एकच ओळ लिहिली आहेस, आणि माळकरी माणसाबरोबर जाताना खरी अडचण तीच आहे. तिथे भाजीतसुद्धा माशाचे पाणी पडते, पपईच्या कोशिंबिरीत सुकट असते, आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर पुष्कळदा फक्त दिसणारे तुकडे काढून टाकतात. दोन शब्द पाठ कर. पहिला ‘मांगसाविरात’. तो आपला ‘मांसविरती’च आहे, पण त्यात अंडे चालते. दुसरा आणि अधिक भरवशाचा शब्द ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की आत मांस, मासे, अंडी, दूध यांतले काही नसते, शिवाय कांदा आणि लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्याला याहून काय हवे? रस्त्याकडेला आप्पेपात्रासारख्या बिडाच्या तव्यात तांदूळपीठ आणि नारळाच्या दुधाचे खानोम क्रोक करतात, ते वडिलांना सकाळी खाऊ घाल. वर कांद्याची पात असेल तर तेवढी नको म्हणून सांग. मँगोस्टीनही आण; ते आपल्या कोकमाचेच भावंड आहे.

चिआंग माईला मी काय केले ते तुला सांगून ठेवतो. एकादशी होती. संध्याकाळच्या बाजारात वाफेवरून काढलेले, काचेसारखे चकाकणारे साबुदाण्याचे गोळे दिसले आणि मी मुलीला न विचारता एक तोंडात टाकला. आत दाण्याचा कूट लागला, आणि परमुलखात उपासाचे मिळाले म्हणून मी धन्य झालो. मुलीने बाईला विचारले तेव्हा ती हसून ‘मू’ म्हणाली. ‘मू’ म्हणजे डुक्कर. त्या पदार्थात दाण्याबरोबर त्याचाच खिमा असतो. तीन दिवस मी हे कोणाला सांगू नकोस म्हणून तिची मनधरणी करत होतो आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्यांना मीच सांगितले.

दुखणे लपवण्याची आमच्या पिढीच्या पुरुषांना वाईट खोड असते, म्हणून ‘बाबा, दमलात का?’ असे विचारू नकोस; उत्तर कायम ‘नाही’ येईल. बँकॉकच्या वाट अरुण या देवळाच्या उभ्या पायऱ्या मी अशाच एका ‘नाही’पायी चढलो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसलो. ‘मला दमल्यासारखे झाले आहे, जरा बसू या’ असे तू म्हण. दुपारी बारा ते चार खोलीत परत ये. वामकुक्षी मोडली की वडील संध्याकाळी चिडणारच. चिआंग माईजवळच्या दोइ सुतेप डोंगरावरच्या देवळाला तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण वर जायला छोटी गाडीही आहे. कोणते घ्यायचे ते त्यांना ठरवू दे. सॅक सात किलोच्या आत ठेव, गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ने, कारण झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांबाबत तिथले कायदे कडक आहेत. वयाप्रमाणे प्रवासविमा उतरव. आंतरराष्ट्रीय परवाना नसताना स्कूटर भाड्याने घेऊ नकोस. व्हिसाचे नियम अलीकडे वरचेवर बदलले आहेत, तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर ते पाहा. शिवाय मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते.

कांचनाबुरी, म्हणजे कांचनपुरी, शेवटी ठेव. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्या भागातून ब्रह्मदेशात जाणारा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग १९४२-४३ मध्ये बांधून घेतला. त्यापायी बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले, आणि त्यांत मलायाच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. सैनिकांच्या दफनभूमीत जवळजवळ सात हजार थडगी आहेत, हिरवळीवर, ओळीने, वय कोरलेली. मजुरांना तसे काही नाही. त्या मार्गाचा एक तुकडा अजून चालू आहे. नदीकाठच्या लाकडी खांबांच्या पुलावरून गाडी रांगत जाते. तिथे मी माझ्या मुलीला माझ्या वडिलांविषयी पहिल्यांदा बोललो. ते गिरणीत होते, एवढेच तिला तोवर ठाऊक होते. तू काही विचारू नकोस. खिडकीची जागा वडिलांना दे आणि शेजारी बसून राहा.

आता, विचारायचे कसे. गावात ‘थायलंडला चाललो’ म्हटले की चार माणसे गालात हसतात, आणि बाप-लेक मिळून निघाले म्हटल्यावर जास्तच हसतील. वडिलांना हे टोचणार हे गृहीत धर. ‘तुम्हाला परदेश दाखवतो’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. आयुष्यभर इतरांना वाटेला लावलेल्या माणसाला ते उपकारासारखे ऐकू येते. ‘मला एकट्याने जायचे नाही, सोबत हवी आहे’ असे सांग. ते खरेही आहे, नाहीतर तू मला चार पाने लिहिली नसतीस. त्यांचा पासपोर्ट अजून नाही, असे तू शेवटच्या ओळीत लिहिले आहेस; ती पहिली ओळ असायला हवी होती. जन्मतारखेचा दाखला शोधण्यातच आठवडा जाईल, तेव्हा रविवारी त्यांच्याबरोबर पत्र्याची ट्रंक उघडून बस. पासपोर्ट कार्यालयाला जाताना मोटार काढू नकोस, एस.टी.ने जा, आणि तिकीट त्यांना काढू दे.

तुझा,
सर