सखूला काय पाहिजे?

अंबाजोगाई

प्रिय लेकरा,

तुझ्या गेमची गोष्ट दोनदा वाचली. ऊसतोडीच्या टोळीवर रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणाऱ्यानं एक पात्र होऊन खेळायचा गेम, करायचा, हे सुचलं तिथंच निम्मं काम झालं. ड्रॅगन बाजूला ठेवून मजुरांची झोपडी म्हणजे कोपी, टोळीचा मुकादम, त्याची आगाऊ उचल हे घेतलंस, बरं वाटलं. उरलेलं निम्मं जरा कडू आहे.

सखू पहिल्याच भेटीत दुष्काळ, सासू, मेलेला भाऊ सगळं सांगून मोकळी होते. अगं, आपल्या बीडच्या एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा आधी गाव विचारते, मग कुणाची कोण ते काढते. दुःख निघतं ते केज ओलांडल्यावर. मीही हेच करून बसलोय. माझ्या पहिल्या गेममध्ये सहा सोबती, प्रत्येकाची लांबलचक पूर्वकथा. भाच्याला खेळायला दिला. तो एका हातानं चिवडा खात होता, दुसऱ्या हातानं 'पुढे'चं बटण दाबत होता. स्क्रीनवर एक म्हातारी पोराच्या नावानं रडत होती.

'द विचर ३' (२०१५) तू खेळलीयस. त्यातला ब्लडी बॅरन आठव. नायकाला सिरीचा, त्याच्या मानलेल्या मुलीचा, माग हवाय, आणि बॅरन म्हणतो, आधी माझी बायको-मुलगी शोधून आण. आपण त्याला बिचारा समजून कामाला लागतो. मग घरातल्या खुणा बोलायला लागतात, आणि कळतं की त्या दोघींना कुणी पळवलेलं नाही, याच्या दारूला आणि मारहाणीला कंटाळून त्या गेल्यात. तोवर आपण त्याच्या बाजूनं बरंच चाललेलो असतो, आणि राग येतो तो थोडा स्वतःचाही. बॅरननं हेच पहिल्या भेटीत सांगितलं असतं तर आपण खांदे उडवून पुढं गेलो असतो.

म्हणून मला सांग, सखूला असं काय पाहिजे जे तुझ्या नायकाला, तिच्या नवऱ्याला महादूला परवडणार नाही? ऊसतोडीनं तुला उत्तर आयतं दिलंय. तिथं मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. समज, पोरगी गावी आजीपाशी दहावीला आहे, आणि सखूला चार दिवस तिकडं जायचंय. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. सखू निघाली की महादू अर्धा कोयता. उचल फिटायची लांबणार. हा पेच नुसत्या संवादात ठेवू नकोस, हिशोबात घाल. जाऊ दिलं तर खेळणाऱ्याच्या मोळ्या कमी पडू देत. अडवलं तर सखू कामावर येईल, पण रात्री कोपीत बोलायचा पर्यायच दिसणार नाही. 'मास इफेक्ट २'मध्ये (२०१०) सोबत्याचं खासगी काम टाळलं तर शेवटच्या मोहिमेत त्याचा जीव जाऊ शकतो. तुझ्याकडं कुणी मरायची गरज नाही, अबोला पुरे.

महादूचंही तेच. वीस लेव्हल चढला, ताकद वाढली, बोलणं मात्र पहिल्या सीनसारखंच. 'डिस्को एलिझियम'मध्ये (२०१९) २४ कौशल्यं आहेत, आणि ती नायकाच्या डोक्यात बोलतात, भांडतात, कधी चुकीचा सल्लाही देतात. तुझ्या महादूची ताकद एवढी वाढते तर तिलाच तोंड दे. 'पाठ गेली तरी चालंल, आजची गाडी भर,' असं ती त्याला म्हणू दे. आणि खेळणाऱ्यानं तिचं सारखं ऐकलं तर पंधराव्या लेव्हलला पाठ खरंच जाऊ दे.

भाषेचं एक राहिलं. नाथषष्ठीला पैठणला भारूड ऐकलं असशील. ज्याचं सोंग घेतलं, त्याच्या तोंडानं बोलावं लागतं. तुझी सगळी पात्रं पुण्यात शिकून आल्यासारखी बोलतात. मुकादम 'काय करत आहेस' विचारणार नाही, 'काय करायलास' म्हणेल. घरी आजीला वाचून दाखव, ती हसेल तिथं खूण कर.

लढाईचे नियम ठीक आहेत, त्यांना सध्या हात लावू नकोस.

कोपीतला सीन तेवढा पुन्हा लिही. सखू भाकरी थापतेय, महादू चिमणीच्या उजेडात हिशोबाची वही चाळतोय. पोरीचं नाव दोघांपैकी कुणीच घ्यायचं नाही. आठ-दहा ओळी बास. गुरुवारपर्यंत पाठव, शुक्रवारी आमच्याकडं दिवसभर लाईट नसते.

तुझा,
सर