सेवा चालू आहे, ओढ राहिली नाही

प्रश्न : आदरणीय पाळकीणबाई, सलाम. मी श्रीरामपूर भागातल्या एका ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) सभासद, वय 47. शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची बायबल शाळा), महिला मंडळाचा हिशेब, नाताळचं जेवण, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं माझ्याकडे. गेल्या प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, डोळे मिटले होते, पण मनात रसाचे पेले पुरतील की नाही याचीच मोजदाद चालली होती. सभेत प्रार्थना करायला सांगितली की शब्द भराभर येतात. घरी एकटी बसले की एक वाक्य सुचत नाही. लग्नाआधी शेळ्यांमागे हिंडताना मी दिवसभर प्रभूशी बोलायची. आता मुलांना शिकवणं म्हणजे ढोंग झालं का? सगळं सोडून देऊ का? यजमान म्हणतात, "सेवा हीच भक्ती, उगाच डोक्यात काही घेऊ नकोस."
— एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम.

ढोंग नाही. ढोंगी बाईला पेले मोजल्याची टोचणी लागली नसती. तिने चहाचे कपही त्यातच मोजून घेतले असते. बायबलातलं बेचाळीसावं स्तोत्र काढा. हरिणीसारखा जीव तहानलाय म्हणणारा तो माणूस एके काळी लोकांच्या घोळक्यासह, जयघोष करत देवाच्या घरी जाणारा. तुमच्याआमच्यातलाच.

यजमानांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना बायबलातल्या प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय वाचून दाखवा. इफिसच्या मंडळीची कृत्यं, श्रम, धीर, सगळं मला ठाऊक आहे, असं प्रभू आधी म्हणतो. कामात खोट काढतच नाही. आणि मग म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. एवढ्यावरून समई, म्हणजे ती मंडळीच, जागची काढून टाकण्याची गोष्ट निघते! पेत्र या शिष्यालाही आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवण्याआधी प्रभूने तीनदा एकच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. शिक्षण किती, अनुभव किती, काही विचारलं नाही. आमच्या मंडळ्यांच्या पंच कमिट्या नेमकं उलट करतात, पण तो विषय वेगळा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुमच्या फार जवळचं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. म्हणजे सेवा जोरात होती. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मिळाला नव्हता. तो मिळायला बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं गेली. आणि त्यानंतर बाई हात जोडून बसल्या का? केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या पोरीबाळी, सबंध बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं त्यापुढचं. प्रीती आधी आली तर कामं पडून राहतील, ही भीती मनातून काढून टाका.

प्रभूला घरी जेवू घालणाऱ्या बेथानीच्या मार्थेचंही तेच. महिला मंडळाच्या रविवारी उपदेशक तिला झोडपतात, आणि आमेन झालं की ऐकणाऱ्या बाया पदर खोचून भाताकडे धावतात. लूकच्या दहाव्या अध्यायात तिची दगदग आहे खरी, आणि बहीण मरिया प्रभूच्या पायाशी ऐकत बसते म्हणून तक्रारही. पण योहानाचा बारावा अध्याय बघा. तेच बेथानी, पुन्हा जेवण, आणि मार्था वाढतेच आहे. या खेपेला बहिणीबद्दल एक अक्षर तक्रार नाही. मधे काय झालं? अकराव्या अध्यायात भाऊ गेल्यावर ती वाटेवर जाऊन प्रभूला गाठते आणि तोंडावर म्हणते, प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. घरी आलेल्या पाहुण्याचं आदरातिथ्य करणारी बाई त्याच्याशी मनातलं बोलली. माझ्या मते तिचं वाढणं तिथे बदललं.

तेव्हा तुम्हीही घरी सभेतली प्रार्थना करू नका. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या" वगैरे राहू द्या. भांडी घासताना सरळ सांगा, देवा, कंटाळा आलाय, त्या दिवशी तुझ्या मेजाशी बसून मी पेले मोजत होते. शेळ्यांमागे हिंडताना तुम्ही काय बोलत होता? शब्द जुळवून नक्कीच नव्हता बोलत. इफिसकरांनाही पहिली कृत्यं पुन्हा कर असंच सांगितलंय.

दुसरं, सकाळी शास्त्र वाचताना हातात पेन्सिल घेऊ नका. पेन्सिल आली की तुम्ही धड्याची तयारी करायला लागता, मुद्दे काढता, आणि वचन तुमच्या वाट्याला न येता थेट शब्बाथ शाळेतल्या पोरांकडे जातं. धड्याचं वाचन शनिवारी वेगळं करा.

सगळं सोडू नका, शाळा तर मुळीच नाही. एकच काम सोडा: जे दुसरीने केलेलं तुम्हाला सगळ्यात जास्त झोंबेल ते. मला वाटतं ते नाताळचं जेवण असेल. पेले तरुण संघाकडे द्या आणि प्रभुभोजनाला दाराजवळची जागा सोडून बाकाच्या मधोमध बसा, म्हणजे मधूनच उठता येणार नाही. जेवणाला कुणी पुढे आलं नाही, तर यंदा मंडळी बिर्याणीऐवजी वरणभात खाईल. चार जणी कुरकुरतील, त्यांना चिटणीसबाईंकडे पाठवा.