घर आईबाबांचं, व्हिसा मात्र तुझा

ताई,
मी 22 वर्षांची. पहिलीत असताना आम्ही टोकियोला गेलो. बाबा आयटीत. मी निशी-कासाईत वाढले, बारावीपर्यंत तिथल्याच भारतीय शाळेत शिकले. मग इंग्रजीत बी.ए. करायला पुण्याला आजीकडे आले. आता निकाल लागलाय. मला घरी परत जायचंय आणि शिक्षिका व्हायचंय. आई म्हणते, "तू ये तर आधी, पुढचं पुढे." बाबा म्हणतात, "एवढं शिकून मास्तरकी करणार? इकडे येऊन मास्टर्स कर, नाहीतर कोडिंगचा कोर्स कर." आजी काहीच म्हणत नाही, पण मी बॅग काढली की तिचे गुडघे दुखायला लागतात. काही इंग्रजी क्लासेसकडे अर्ज केले, तर 'नेटिव्ह स्पीकर हवा' असं उत्तर आलं. मग माझं इंग्रजी काय आहे? आणि माझंच घर असलेल्या गावात मला नोकरी का मिळू नये?
सामान बांधून बसलेली, पुणे

प्रिय सामान बांधून बसलेली,

तुझ्या पत्रात दोघीजणी बोलतायत. एक घरी जायला आसुसलेली लेक आणि दुसरी नोकरी शोधणारी बाई. दोघींनाही तू एकाच तिकिटावर बसवलंयस, म्हणून गोंधळ होतोय. लेकीला कुणी अडवलेलं नाही. अडकलीये ती दुसरी, तेव्हा आधी तिचं बघू.

एवढ्या मोठ्या पत्रात तू एका गोष्टीबद्दल अवाक्षर काढलेलं नाहीस: तुझ्या झाइर्यू कार्डाचं, म्हणजे तिथल्या रहिवासी ओळखपत्राचं, काय झालं? निघताना रीतसर री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, घेतलं होतंस, की विमानतळावर नुसत्या कागदावर खूण करून आलीस? नुसत्या खुणेची मुदत एक वर्ष. वर्षाच्या आत परत पाऊल टाकलं नाही, तर तिथला राहण्याचा हक्क संपतो. रीतसर परमिट जास्तीत जास्त पाच वर्षांचं असतं, पण तेही कार्डाच्या तारखेपलीकडे चालत नाही. दर सुट्टीत गेली असशील आणि कार्ड जिवंत असेल, तर तू नशीबवान. तिथे जाऊन, दारोदार फिरून नोकरी शोधता येईल. कुटुंबीय म्हणून मिळालेल्या कार्डावर वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला 28 तास काम करता येतं. पूर्णवेळ नोकरी लागली की मात्र कार्डाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो.

आणि कार्ड गेलं असेल तर नीट समजून घे. पदवी घेतलेल्या 22 वर्षांच्या मुलीला नव्याने 'वडिलांवर अवलंबून' म्हणून आत घेणं तिथल्या इमिग्रेशनला सहसा पटत नाही. बाबांचं एइजू झालेलं असलं, म्हणजे ते कायमचे रहिवासी असले, तरी तुझ्या वयाच्या मुलीला त्याचा आपोआप उपयोग होत नाही. तुझी खोली तिथे आहे, तुझी सायकल कदाचित अजून इमारतीखाली लावलेली असेल, पण सरकारी कागदावर तू एक परदेशी पदवीधर आहेस. ऐकायला कडू आहे, मला कळतं. पण आईचं 'तू ये तर आधी' इथेच अडतं. भेटीच्या व्हिसावर जाऊन मुलाखती देता येतात, पगार घेता येत नाही. नोकरी देणाऱ्याने तिथे तुझ्यासाठी पात्रतेचं प्रमाणपत्र काढायचं, त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात, मग ते दाखवून इथून व्हिसा घ्यायचा. म्हणजे क्रम उलटा आहे: आधी नोकरी, मग विमान.

आता 'नेटिव्ह'चं. त्या उत्तराने तुला राग आला, येणारच. काही क्लासेसना गोरा चेहरा आणि अमेरिकन उच्चार विकायचा असतो, आणि तो बाजार तू एका अर्जाने बदलणार नाहीस. पण कायदा काय म्हणतो ते बघ. शाळांमध्ये परदेशी भाषा शिकवायची तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असावं, अशी अट आहे. जन्म कुठे झाला हा प्रश्नच नाही. तू पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलीस, वर तीन वर्षांची पदवीही इंग्रजीतली. तेव्हा शाळेकडून आणि कॉलेजकडून, प्रत्येक वर्षाचं माध्यम इंग्रजी होतं असं स्पष्ट लिहिलेला दाखला आजच मागून घे, शिक्क्यासकट. अर्जात तो सगळ्यात वर लाव. 'माझं इंग्रजी काय आहे' या तुझ्या प्रश्नाला हा कागद माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देईल.

ज्या क्लासेसकडे तू अर्ज केलेस त्या एइकाइवांना, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या क्लासेसना, वेगळा व्हिसा लागतो. बाबांच्या ऑफिसातले बरेच इंजिनियर असतात त्याच वर्गातला. तिथे कोणत्याही विषयाची पदवी भाषा शिकवायला पुरते. काम दुपारी सुरू होतं आणि रात्री नऊला संपतं, शनिवार-रविवार हमखास कामाचे. आईच्या हातचं गरम जेवण मिळावं म्हणून घरी जाणाऱ्या मुलीने हे वेळापत्रक आधी डोळ्यांखालून घालावं.

मला तुझ्यासाठी जास्त बरं वाटतं ते सरकारी शाळांमधलं सहायक शिक्षिकेचं काम, ज्यांना तिकडे सगळे एएलटी म्हणतात. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, तिसरी-चौथीला तोंडओळख असते, त्यामुळे प्राथमिक शाळांनाही माणसं लागतात. भरतीचे रस्ते तीन. जेट ही 1987 पासून चाललेली सरकारी योजना आपापल्या देशातल्या जपानी दूतावासामार्फत भरती करते, पण गेल्या काही वर्षांत जपानमध्ये बराच काळ राहिलेल्यांना त्यात मर्यादा आहे. तू त्यात बसशीलसं मला वाटत नाही, तरी अट स्वतः वाच. दुसरा रस्ता म्हणजे गावच्या शिक्षण मंडळाने थेट घेणं. तो सगळ्यात चांगला आणि सगळ्यात दुर्मीळ. उरतात शाळांना माणसं पुरवणाऱ्या खाजगी कंपन्या. बहुतेक नवखे इथूनच सुरुवात करतात.

या कंपन्यांकडे महिना साधारण 2 ते 2.5 लाख येन मिळतात, आणि काही ठिकाणी ऑगस्टच्या सुट्टीत तेही कमी होतात. करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचार: शाकाइ होकेन, म्हणजे आरोग्य विमा आणि पेन्शन, कंपनी भरणार का? आणि करार 'हाकेन' आहे, म्हणजे तू शाळेच्या हाताखाली काम करणार, की 'ग्योमु इताकु', म्हणजे शिकवायचं कामच कंपनीने कंत्राटावर घेतलेलं? दुसऱ्या प्रकारात शाळेतल्या शिक्षकांनी तुला थेट सूचना द्यायच्या नसतात. 'हे वाक्य जरा हळू म्हण' एवढं सांगायचं तरी नियमाने ते कंपनीमार्फत जायला हवं. वर्गात काय होत असेल याची कल्पना कर.

आणखी एक. तू टोकियोत वाढलीस, पण जपानी शाळेत कधी बसली नाहीस. मी काही वर्षं त्याच भागात काढली आहेत, तुमच्या शाळांमधली मुलं पाहिली आहेत. कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, फाडफाड जपानी बोलतात आणि वॉर्ड ऑफिसचं पत्र आलं की बाबांकडे सरकवतात. एएलटीचा दिवस शोकुइन-शित्सुत, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत, सुरू होतो. एकच मोठी खोली, सगळ्या शिक्षकांची टेबलं एकमेकांना चिकटलेली, समोर क्योतो-सेन्सेई, म्हणजे उपमुख्याध्यापक. दारात बूट बदलून, मोठ्याने 'ओहायो गोझाइमासु' म्हणत आत शिरायचं. पुटपुटलीस तर आली नाहीस असंच धरतील. सकाळच्या बैठकीत भराभर सूचना होतात आणि त्यातली एक तुझ्यासाठी असते: तिसरा तास बदललाय. ती तुला कळली पाहिजे. दुपारी मुलं पांढरे एप्रन घालून आपणच क्यूशोकु, म्हणजे शाळेतलं जेवण, वाढतात आणि तू त्यांच्यात बसून जेवायचं. घरी शाकाहारी असाल तर लक्षात ठेव, सूप निव्वळ भाजीचं दिसलं तरी त्यात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो, तेव्हा डबा चालेल का ते पहिल्याच दिवशी विचार. संध्याकाळी तुझी वेळ झाली की बाकीचे सगळे मान खाली घालून काम करत असताना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु', म्हणजे 'तुमच्याआधी निघतेय, माफ करा', म्हणून निघायचं. सुरुवातीला चोरासारखं वाटतं. सवय होते.

एवढ्यासाठी जपानी वाचता यायला हवं. कुणी अट घातलेली नसली तरी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन2 पातळीपर्यंत जा. इंग्रजी बरं असलेल्यांच्या गर्दीत जपानी वाचणारी भारतीय मुलगी उठून दिसते.

तुझ्या जुन्या शाळेचा पर्यायही आहे. तिथे आणि तिच्यासारख्या इतर सीबीएसई शाळांत चौकशी कर, पण खोटी आशा ठेवू नकोस. त्यांना बी.एड. लागतं, आणि तुमच्या एदोगावा वॉर्डात नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या बी.एड. झालेल्या अनुभवी बायका काही कमी नाहीत. खरोखर शिक्षिकाच व्हायचं असेल, तर पुण्यात दोन वर्षांचं बी.एड. करणं हा वेळेचा अपव्यय नाही. हे वाक्य वाचून तुला धस्स झालं का? झालं असेल तर स्वतःला विचार, मास्तरकी हवीये की घरी जायचं निमित्त हवंय. निमित्त असेल तरी गुन्हा नाही. फक्त मग बाबांशी शिक्षकी पेशाच्या थोरवीवरून भांडू नकोस.

बाबांचं. ते शिक्षकी पेशाला कमी लेखतात असं तुला वाटतं. मला वाटतं, ते मार्चमध्ये संपणारे एकेक वर्षाचे करार बघतायत. त्यांनी पंचवीस वर्षांच्या मुलांच्या नोकऱ्या कशा जातात ते ऑफिसात पाहिलं असणार. त्यांना उत्तर द्यायचं तर पुढची पायरी दाखव. एएलटी कायमचं करायचं काम नाही, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांना मास्टर्स हवं असेल, तर तेवढं मात्र सांग की जपानी विद्यापीठं त्यासाठी सहसा एकूण 16 वर्षांचं शिक्षण मागतात आणि तुझी 15 झालीत. काही ठिकाणी वैयक्तिक छाननी करून घेतात, पण आधी विचारावं लागतं. योगेंद्र पुराणिकांचं उदाहरण तुमच्या घरी कुणीतरी काढेलच: 2019 मध्ये एदोगावाचे नगरसेवक, आणि 2023 मध्ये इबाराकीतल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. अभिमानाची गोष्ट आहे. पण ते त्या खुर्चीत आले ते तिथे दोन दशकं काढून, जपानी नागरिक होऊन आणि बँका-कंपन्यांतला अनुभव घेऊन. तू 22 ची आहेस. त्यांचं नाव कुणी तुझ्या बाजूनेही वापरू नये आणि विरुद्धही.

आता वेळेचं. जपानी शाळा एप्रिलला सुरू होते आणि तुझा निकाल उन्हाळ्यात लागलाय. एप्रिलची भरती शरद ऋतूपासून फेब्रुवारीपर्यंत चालते, अधूनमधून सप्टेंबरच्या सत्रासाठी जागा निघतात. म्हणजे तुझ्या हातात काही महिने आहेत आणि ते बॅगेवर बसून काढायचे नाहीत. पुण्यातल्या एखाद्या शाळेत किंवा क्लासमध्ये वर्ग घे, पैसे थोडे मिळाले तरी चालतील. चाळीस मुलांसमोर घसा बसला, एकाने पाठीमागून कागदाचं विमान सोडलं आणि तरीही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर बाबांना सांगण्यासारखं काहीतरी तुझ्याकडे असेल. शिवाय मुलाखतीत 'अनुभव' या रकान्यात लिहायलाही.

आईला फोनवर तारीख सांग, गोलमोल बोलू नकोस. 'एप्रिल' म्हण. दिवाळीत भेटून ये. आणि तिथे राहायला गेलीस की पहिल्या पगारापासून घरात ठरावीक रक्कम दे. आई नको म्हणेल, तिच्या हातात कोंब. कमावत्या मुलीला घरात तिचा आवाज मिळतो; नाहीतर तू टोकियोत पोचलीस की महिन्याभरात घरात स्थळांची चर्चा सुरू होईल. हे मी कुंडली न पाहता सांगते.

आजीचे गुडघे खरोखर दुखत असतील. डॉक्टरांना दाखव. तू गेल्यावर तिच्याकडे कोण येऊन-जाऊन असेल, औषधं कोण आणेल, रात्री कोण असेल, हे तू एकटीने ठरवायचं नाही. ती बाबांची आई असो की आईची, हा प्रश्न त्यांचा आहे आणि तीन वर्षं तू तो त्यांच्या वतीने सांभाळलास. त्यांना हे शांतपणे, स्पष्ट शब्दांत सांग. आजीला मात्र तुझी तारीख तुझ्या तोंडून कळू दे, शेजारणीकडून नको.

डिसेंबरच्या जेएलपीटीला बस. अर्जाची मुदत परीक्षेच्या काही महिने आधीच संपते आणि पुण्याच्या केंद्रावर झुंबड असते, म्हणून आज रात्रीच तारीख बघ.

तुझी,
ताई