पेंट डॉट नेटच्या जागी काय घेऊ?

प्रश्न : नमस्कार, विंडोज १० चा सपोर्ट संपला, माझ्या लॅपटॉपवर ११ चढत नाही, म्हणून लिनक्स मिंट टाकायचं ठरवलंय. पेन ड्राईव्हवरून चालवून बघितलं, सगळं मस्त पळतंय पण माझं फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर, पेंट डॉट नेटच नाही! मी काही डिझायनर नाही, फोटो क्रॉप करायचे, दोन-तीन लेअर (चित्राचे एकावर एक थर) टाकून वर मजकूर लिहायचा, कधीतरी ढीगभर फोटो एकदम छोटे करायचे, बस. जो तो म्हणतो गिम्प घे, पण ते उघडलं की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

उत्तर : गिम्पचा सल्ला सरसकट सगळ्यांना दिला जातो, तुमच्या कामाला ते जडच होईल. आणि त्यात 'सेव्ह' केलं की गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाईल बनते, जेपीजी हवी तर 'एक्स्पोर्ट' करावं लागतं, इथेच निम्मे लोक वैतागून सोडून देतात. तुम्ही पिंटा घ्या. ते पेंट डॉट नेटवरूनच बेतलंय, लेअर, टूल्स, मेनू सगळं ओळखीचं वाटेल, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फुकट मिळतं. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) जुनंच पेंट डॉट नेट चालवायच्या भानगडीत मात्र पडू नका, धड चालत नाही.

आता तुम्ही न विचारलेली पण जास्त महत्त्वाची गोष्ट. पेंट डॉट नेटमध्ये सेव्ह केलेल्या जुन्या पीडीएन फाईल्स पिंटामध्ये उघडत नाहीत, गिम्पमध्येही थेट उघडत नाहीत, त्यामुळे विंडोज पुसायच्या आधीच त्यांची सोय लावा. ज्यांना परत हात लावायचा नाही त्या सरळ पीएनजी करून टाका, लेअर एकत्र होतील पण चित्र जसंच्या तसं राहील. लेअर हवेतच असतील तर पेंट डॉट नेटला ओपनरास्टरचं प्लगइन टाकून ओआरए फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, ती फाईल पिंटा, गिम्प, क्रिटा तिन्हींत उघडते. तेही जमलं नाही तर एकेक लेअर चालू ठेवून वेगवेगळी पीएनजी काढायची, कंटाळवाणं आहे पण हमखास.

कुणी पीएसडी (फोटोशॉपची फाईल) पाठवली तर ब्राउझरमध्ये फोटोपी ही वेबसाइट उघडा, इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही. ढीगभर फोटो छोटे करायला एक्सएनव्ह्यू एमपी, घरगुती वापराला फुकट आहे, त्यात बॅच कन्व्हर्ट शोधा आणि आउटपुटला वेगळा फोल्डर द्या, म्हणजे मूळ फोटोंना धक्का लागणार नाही.