अंगठा, झेरॉक्स आणि जत्रेतलं लेकरू

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत. शेजारच्या काकूंच्या खात्यातून "अंगठा उठला नाही" म्हणता म्हणता दहा हजार गेले, तसं सासू-सासऱ्यांचं होऊ नये म्हणून काय करायचं? आणि गावच्या ग्रुपवर "पोट्टे पळवणारी टोळी फिरून राहिली" हा मेसेज आल्यापासून चार आणि नऊ वर्षांच्या लेकरांना बाहेर धाडायची भीती वाटते, त्याचं काय? दोन्हींचं उत्तर एकत्रच देतो, कारण चूक दोन्हीकडे सारखीच होते. अनोळखी माणसावर आपली नजर असते, पण अंगठा आणि लेकरू आपण ओळखीच्या माणसाच्या हाती न विचारता देतो.

आधी अंगठा. आधारवर पैसे काढायच्या मशीनला कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट एवढ्यावर एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत निघतात. कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे पहिल्यांदा अंगठा न उठणं खरंच घडतं. फसवणाऱ्याला हीच आड मिळते. "पुन्हा लावा, सर्व्हर डाऊन आहे" असं तीनदा म्हणायचं आणि त्यातला एक व्यवहार पूर्ण झालेला असतो. म्हणून बोट ठेवण्याआधी स्क्रीनवर शिल्लक बघणं आहे की रक्कम काढणं, ते वाचायचं. न झालेल्या व्यवहाराचीही पावती मागायची. पावतीवर 12 अंकी आरआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक असतो, पुढे तक्रारीत तोच कामी येतो. म्हाताऱ्या माणसासोबत वाचता येणारा नातू गेला तरी निम्मं काम होतं.

पक्का उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारवरच्या आपल्या ठशांना कुलूप. एम-आधार अ‍ॅपमध्ये किंवा मायआधार संकेतस्थळावर ते फुकट होतं. अट एकच, आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. नसेल तर आधी आधार केंद्रात जाऊन जोडून घ्या. बँकेच्या खात्याला नंबर जोडणं हे वेगळं काम आहे. लोक इथेच घोळ करतात, आधारला नंबर दिला की बँकेचे मेसेज येतील असं समजतात. दोन्ही वह्या वेगळ्या आहेत.

लॉक केल्यावर मशीनवर 330 हा एरर येतो आणि बोट कोणाचंही असो, व्यवहार होत नाही. गरज पडली की तात्पुरतं उघडता येतं, ते 10 मिनिटांनी आपोआप बंद होतं. अडचण रेशनच्या दिवशी येते. पण रेशनला कार्डावरच्या कोणाही एका सदस्याचा अंगठा चालतो. सासू-सासऱ्यांचं कायम लॉक ठेवा आणि रेशनला तुम्ही जा. हयातीचा दाखला किंवा ई-केवायसी (ठशाने ओळख पटवणं) असेल त्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडा. लॉक कशाला, असं कोणी म्हणालं तर सांगा की तेलंगणात 2018 मध्ये जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून रबरी अंगठे बनवून सिमकार्डं चालू केल्याचं प्रकरण पोलिसांनी पकडलं होतं. खरेदीखतावर अंगठा तर आपल्याकडेही प्रत्येक कास्तकाराने दिलेला असतो.

पैसे गेलेच तर पासबुक भरायला पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. बँक, खाते क्रमांक, वेळ, रक्कम आणि आरआरएन हाताशी ठेवा. मग शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच माणसाने फसवलं असेल आणि तुम्ही 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर भार शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर काही भाग अंगावर येतो, नंतर बँक म्हणेल ते. "तुम्हीच अंगठा दिला असेल" हे शाखेतलं नेहमीचं उत्तर आहे. पण ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे, हे अर्जात एका ओळीत लिहाच.

झेरॉक्सचं थोडक्यात. जिथे चालतं तिथे मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर मजकुरावरूनच आडवं लिहा: "फक्त सिमकार्डासाठी", तारीख, सही. कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं. झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं आधार त्याच्या कॉम्प्युटरात पडून राहतं, समोर उभं राहून डिलीट करून घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर दिसतं आणि नको असलेला नंबर "माझा नाही" म्हणून तिथेच कळवता येतो. बचत गटात किंवा मायक्रोफायनान्सच्या मीटिंगला फोटो-आधार दिलेल्या बायांनी वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद काढावी. सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून तो वर्षाला एकदा मोफत मिळतो. गटाची कर्जं बघायला क्रिफ हाय मार्कपासून सुरुवात करा. न घेतलेलं कर्ज बहुधा तिथेच सापडतं. आणि "पीएम किसान" नावाची एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल कोणीही पाठवो, उघडू नका. उघडलीच असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला व 1930 ला कळवा.

आता लेकरं. टोळीचा तो मेसेज पुढे पाठवू नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. सुगी झाली की आपल्याकडेही बहुरूपी, नाथजोगी, वैदू येतातच. संशय आला तर पोलीस पाटलाला सांगा, 112 लावा, हात लावू नका.

लेकरू जातं ते बहुतेक वेळा ओळखीच्या वाटेने. "तुझी आई दवाखान्यात आहे, चल" म्हणणारा गावातलाच असू शकतो. घरात एक सांकेतिक शब्द ठरवा, वापरला गेला की बदला. मुलांना कोण नेऊ शकतं त्यांची नावं शाळेत आणि अंगणवाडीत लेखी द्या. घरात नवरा-बायकोचा वाद कोर्टात असेल तर ताब्याच्या आदेशाची प्रतही द्या, नाहीतर मुख्याध्यापक कोणाला आणि कसं अडवतील? चौदा-पंधराच्या पोरींना कामाला किंवा लग्नाला "चांगलं ठिकाण आहे" म्हणत नेणारा मध्यस्थ हा टोळीच्या मेसेजपेक्षा खरा धोका आहे. कामाचा पत्ता, मालकाचा फोन आणि मध्यस्थाच्या ओळखपत्राची प्रत मिळाल्याशिवाय कोणाला जाऊ देऊ नका.

धाकट्याला तुमचा मोबाइल नंबर गाण्याच्या चालीवर पाठ करून घ्या. नऊ वर्षांच्याला आई-बाबांचं पूर्ण नाव, गाव आणि तालुका. तालुका मुद्दाम सांगतो. पिंपळगाव आणि बोरगाव विदर्भात इतके आहेत की नुसतं गावाचं नाव सांगणारं लेकरू पोलिसांना तासन्‌तास फिरवतं. बहिरमच्या यात्रेला, मार्कंड्याला किंवा शंकरपटाला निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा फोटो काढा. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने नंबर लिहून वर सेलोटेप लावा. खिशातली चिठ्ठी घामाने भिजते. नाव मात्र बाहेर दिसेल असं लिहू नका, नावाने हाक मारणाऱ्यावर लेकरू लगेच भरवसा ठेवतं. हरवलास तर पळू नको, जागेवर थांब, नाहीतर पोरंबाळं सोबत असलेल्या बाईला सांग, एवढंच शिकवा.

हरवलंच तर दहा-पंधरा मिनिटं घर, विहीर, नाला, धान्याची कोठी बघा. पाणी आधी. सोबतच कोणाला तरी 112 लावायला सांगा, रेल्वे स्टेशन जवळ असेल तर 139 पण. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 चोवीस तास चालू असते. "चोवीस तास थांबा" असं ठाण्यात सांगितलं तर ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्येच सांगितलं आहे की मूल बेपत्ता झालं की अपहरण धरून गुन्हा नोंदवायचा. हद्दीचं कारणही चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नेण्यासाठी एक पाकीट तयार ठेवा: सहा महिन्यांतला फोटो, उंची, व्रण-तीळ, आधार क्रमांक, मित्रांच्या घरचे नंबर. पोरगं फोन वापरत असेल तर *#06# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक पण. ग्रुपवर टाकताना आपला नंबर न देता ठाण्याचा द्या, खंडणीचे खोटे फोन टळतात. तारीख लिहा, आणि सापडलं की पोस्ट काढून टाका, नाहीतर सापडलेलं लेकरू वर्षभर "हरवलेलं" म्हणून फिरत राहतं.

आधारवर आता फक्त लॉक लावायचं असं समजू नका, कारण तुमच्या लेकरांसाठी ते उलट्या बाजूने कामी येतं. नाव-गाव सांगता न येणारी मुलं नवीन आधार काढायला नेली की ठसा जुन्या नोंदीशी जुळतो आणि घराचा पत्ता लागतो. नागपूरच्या आधार सेवा केंद्रातून अशी हरवलेली माणसं घरी पोहोचली आहेत. पण पाच वर्षांखालच्या निळ्या आधारात ठसे घेतलेलेच नसतात. धाकट्याला पाच पूर्ण झाले की ठसे द्यायला आधार केंद्रात न्या, पाच ते सात या वयात ते मोफत होतं. आणि मोठ्याचे ठसे आधारमध्ये चढवले होते का, ते आजच बघा. बरीच पोरं शाळेत जाऊनही निळ्या कार्डावरच असतात.