वाचकांचे प्रश्न : स्पॅनिशमधल्या फजितीबद्दल

प्रश्न : मी स्पॅनिश नुकतीच शिकायला लागलो आहे. वर्गात उच्चार चुकला म्हणून 'मला लाज वाटली' अशा अर्थाने 'एस्तोय एम्बारासादो' म्हणालो, तर सगळे हसले. असं काय चुकलं?

उत्तर : 'एम्बारासादा' म्हणजे गर्भवती. शब्द इंग्रजी 'एम्बॅरस्ड'सारखा दिसतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक नवशिक्या इथे अडकतो. लाज वाटते हे सांगायला 'मे दा बेर्ग्वेन्सा' म्हणा. यातला 'मे' म्हणजे आपला 'मला'.

आमचा आग्रह असा, की वाक्य इंग्रजीतून उचलू नका, आधी मराठीत म्हणून पाहा. उकडत असताना आपण 'मी गरम आहे' म्हणत नाही, 'मला उकडतंय' म्हणतो. स्पॅनिशमध्येही 'एस्तोय कालियेंते' म्हटलं तर कामोत्तेजित असल्याचा अर्थ निघतो. बरोबर वाक्य 'तेंगो कालोर'. सूप गरम असेल, तर मात्र 'कालियेंते' बिनधास्त वापरा.

'आवडणं' या क्रियापदात तर मराठी माणसाला आयता फायदा आहे. 'मला पुस्तक आवडतं', 'मला पुस्तकं आवडतात' यात क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलतं. तसंच 'मे गुस्ता एल लिब्रो', 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं, तुम्हाला वाटायचं कारण नाही. सहकाऱ्याला 'मे गुस्तास' म्हणू नका. 'तू मला आवडतेस'मध्ये जी प्रेमाची छटा आहे, तीच तिथेही आहे. माणूस म्हणून कुणी आवडत असेल, तर 'मे काएस बिएन'.

प्रश्न : वय सांगताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : 'तेंगो बेइन्ते आन्योस', म्हणजे मी वीस वर्षांचा. यातला 'न्यो' सुटून 'आनोस' झालं, की वर्षांच्या जागी गुदद्वारं येतात! जिभेचं टोक खाली ठेवून मधला भाग टाळूला टेकवा; 'धान्य'मधल्या 'न्य'च्या जवळचा आवाज येईल. लिहितानाही एन अक्षरावरची नागमोडी रेघ विसरू नका. फोनवर स्पॅनिश कीबोर्ड घेतलात, तर ते अक्षर वेगळं मिळतं.

प्रश्न : 'कोखेर' हे क्रियापद वापरावं का?

उत्तर : स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी रोज वापरतात. मेक्सिको आणि अर्जेंटिनात त्याचा अर्थ अश्लील होतो. 'तोमार' म्हणा, ते सगळीकडे चालतं.