‘निवांत’ आणि ‘निश्चिंत’ एकच का?

यावल (जि. जळगाव) तालुक्यातल्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे. मेअखेरच्या वादळात त्यांची कापणीला आलेली केळीची बाग आडवी झाली. आठवडाभराने घरची सगळी मंडळी संध्याकाळी ओट्यावर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा खात बसली होती. तेवढ्यात नाशिकहून नणंदेचा फोन आला, ‘वहिनी, काय चाललंय?’ ताई म्हणाल्या, ‘काही नाही, निवांत बसलोय.’ नणंदबाईंना ते खटकलं. एवढं नुकसान झालं आणि निवांत कसे? ताईंचा प्रश्न असा की आपला शब्द चुकला का, ‘निश्चिंत’ म्हणजेच ‘निवांत’ ना?

नाही. ताई, तुमचा शब्द अगदी नेमका होता.

‘निश्चिंत’चं सरळ आहे, ज्याची चिंता गेली तो. पंचनामा झाला, भरपाई खात्यात पडली, सोसायटीचं कर्ज फिटलं, की माणूस निश्चिंत होतो. त्याआधी तो शब्द वापरता येत नाही, कारण चिंता असणं-नसणं हाच त्याचा अर्थ.

‘निवांत’चं मूळ संस्कृत ‘निवात’मध्ये दाखवतात. वात म्हणजे वारा. वारा पडलेला असणं हा त्याचा एक अर्थ, आणि वाऱ्यापासून आडोसा हा दुसरा. अमरकोशात ‘निवात’चे तीन अर्थ दिले आहेत: आश्रय, वारा नसलेलं, आणि शस्त्राने न भेदलं जाणारं चिलखत. पाणिनीचं तर ‘निवाते वातत्राणे’ असं स्वतंत्र सूत्रच आहे. सूत्र उच्चारातल्या स्वरांच्या चढउताराबद्दलचं आहे, पण मला मोह पडतो तो काशिकेने (पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेने) त्याखाली दिलेल्या उदाहरणांचा: कुटीनिवात, शमीनिवात, कुड्यनिवात. म्हणजे झोपडीचा आडोसा, शमीच्या झाडाचा आडोसा, भिंतीचा आडोसा. साध्या माणसाला वाऱ्यात जे सापडेल ते. यात बाहेरचा वारा थांबलाय असं कुठेच म्हटलेलं नाही. वारा थांबला असता तर भिंतीला पाठ लावून बसायची गरजच काय? गीतेच्या सहाव्या अध्यायातला (6.19) न हलणारा दिवाही ‘निवातस्थ’ आहे, जिथे वारा पोचत नाही अशा जागी ठेवलेला.

रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नकोच. बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात ते कशासाठी? त्याने वादळ अडत नाही, पण वाऱ्याचा जोर आतल्या केळीच्या खांबांपर्यंत येताना कमी होतो. मोठ्या वादळापुढे तेही पुरत नाही, हे ताईंनी यंदा पाहिलंच.

म्हणून ‘निवांत’ हा मुळात जागेचा शब्द आहे असं मला वाटतं. आजही आपण ‘निवांत कोपरा’, ‘निवांत जागा’ म्हणतो. ‘निश्चिंत कोपरा’ म्हणून पाहा, जमत नाही.

आता तो घाटा. भिजवून दळलेली ज्वारी आधणात वैरायची, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची, मीठ. मग लाकडी चाटूने हाटत राहायचं, हात भरून येईपर्यंत, गुठळी होऊ न देता. बिबडे घालायला बसण्याआधी प्रत्येकाच्या ताटलीत एकेक गोळा पडतो. मध्ये आळं करून शेंगदाण्याचं कच्चं तेल ओततात आणि कडेकडेने खात आत यायचं, कारण मधला भाग लवकर निवत नाही. त्या वेळी कुणी फारसं बोलत नाही, बोटं पोळू नयेत याकडेच लक्ष असतं. ज्या घरची बाग आडवी झाली आहे त्या घराला तेवढा वेळ आडोसा मिळाला. त्याला ‘निवांत’ म्हणण्यात गैर काय? आपण हसलो, चवीने खाल्लं, याची टोचणी अशा दिवसांत पुष्कळांना लागते. ताईंच्या पत्रातही ती दिसली, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

(वर ‘निवत नाही’ आलं आहे. हे ‘निवणे’ वेगळं. त्याचं नातं ‘निर्वाण’शी लावतात, विझणं, शमणं या अर्थाने. घाटा निवतो, जीवही निवतो. ‘निवारा’ तर ‘निवारण’च्या घरातला. तिन्ही शब्द कानाला सख्खे वाटतात आणि वापरात एकमेकांच्या ओसरीवर येऊन बसतात, पण कुळं निराळी.)

मग नणंदबाईंना खटकलं ते का? कारण बोलण्यात हा शब्द जागेवरून वेळेवर सरकला आहे. ‘निवांत बोलू’, ‘रविवारी निवांत ये’ इथे अर्थ सवड असा आहे. आणि सवडीपासून बेफिकिरी फार लांब नाही: ‘कामं पडलीयत आणि हा बघा, निवांत बसलाय!’ फोनवर त्यांना हा शेवटचा अर्थ ऐकू आला असणार. भावाच्या घराची काळजी होती म्हणूनच तो तसा ऐकू आला. दोघींचंही मराठी बरोबर आहे.

पुन्हा अशी वेळ आली तर ‘घटकाभर निवांत बसलोय’ म्हणा. ‘घटकाभर’ लावलं की बेफिकिरीचा वास जातो आणि आडोशाचा अर्थ वर येतो. हाच प्रयोग ‘निश्चिंत’वर करून बघा: ‘घटकाभर निश्चिंत झालो’ असं खानदेशात काय, कुठेच कुणी म्हणत नाही.